आनूप देशातील फुटबॉल : स्वेद, सात्म्य आणि वैद्याचे कर्तव्य

व्यायामाचे विधान करताना वय, बल, शरीर, देश, काल आणि आहार या सर्वांचा विचार करावा, असे सुश्रुताचार्यांनी सांगितले आहे. यांपैकी वय, बल आणि काल यांचा विचार आपण चिकित्सालयात नित्य करतो. ‘देश’ हा शब्द मात्र बहुधा परीक्षेपुरता पाठ होतो आणि पुढे विस्मरणात जातो. वास्तविक मनुष्य तोच, व्यायाम तोच. परंतु भूमी पालटली की तोच व्यायाम हितकर ठरतो किंवा प्राणांवर बेततो. याचे आजच्या काळातील ठळक उदाहरण म्हणजे प्रशांत महासागरातील बेटांवर खेळले जाणारे व्यावसायिक फुटबॉल. उदाहरण दूरचे आहे; परंतु त्यातून निघणारा बोध आपल्या कोकण-गोव्याच्या किनाऱ्याला आणि आपल्या औषधालयांतील रोजच्या व्यवहाराला थेट लागू पडतो. म्हणून प्रस्तुत लेखात त्याचा विचार करीत आहोत.

होनिआरा, जून २०१२

जून २०१२ मध्ये ओशनिया फुटबॉल महासंघाची राष्ट्रचषक स्पर्धा सॉलोमन बेटांची राजधानी होनिआरा येथे झाली. न्यूझीलंडचा संघ त्या वेळी या विभागातील सर्वांत बलाढ्य मानला जात होता. २०१० च्या विश्वचषकात तो तिन्ही सामने बरोबरीत सोडवून अपराजित परतला होता आणि त्यातील अनेक खेळाडू परदेशी व्यावसायिक क्लबांत खेळत होते. होनिआरात या संघाच्या वाट्याला २, ४, ६, ८ आणि १० जून असे नऊ दिवसांत पाच सामने आले. फिजी व पापुआ न्यू गिनी यांच्यावर केवळ एकेका गोलाच्या फरकाने विजय, यजमान सॉलोमन बेटांशी बरोबरी आणि उपांत्य सामन्यात न्यू कॅलेडोनियाकडून ०-२ असा पराभव, असा त्याचा प्रवास झाला. पराभवाचे दोन्ही गोल उत्तरार्धात झाले. अंतिम सामना ताहितीने १-० असा जिंकला आणि २०१३ च्या कॉन्फेडरेशन्स चषकासाठी तो छोटा देश ब्राझीलला गेला.

या पराभवाचे सर्व खापर हवेवर फोडणे उचित होणार नाही. न्यू कॅलेडोनिया आणि ताहिती हे संघ कुशलतेने खेळले, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि वैद्याच्या दृष्टीने दोन्ही भूमींमधील अंतर विचारात घेण्यासारखे आहे. होनिआरा विषुववृत्ताच्या दक्षिणेस अवघ्या साडेनऊ अंशांवर आहे. तेथील दिवसाचे कमाल तापमान वर्षभर ३० ते ३१ अंश सेल्सिअसच्या आसपास राहते, रात्रीही ते फारसे खाली येत नाही आणि हवा सदैव जलबाष्पाने भरलेली असते. ऑकलंडमध्ये जून हा हिवाळ्याचा महिना असून कमाल तापमान १५ अंशांच्या जवळपास असते. दोन भूमींत आकड्यांचा फरक १५ अंशांचा. पण देहावर पडणारा भार या आकड्याहून कितीतरी अधिक आहे. तो का, हे पुढे पाहू.

बेटांवरील खेळाचे स्वरूप

ओशनिया महासंघात जागतिक महासंघाचे, म्हणजे फिफाचे, अकरा सदस्य आहेत. त्यांपैकी न्यूझीलंड वगळता बहुतेक सर्व उष्णकटिबंधातील बेटे आहेत. जानेवारी २०२६ मध्ये ऑकलंड येथून या महासंघाची पहिली व्यावसायिक लीग सुरू झाली. न्यूझीलंडचे दोन, मेलबर्नचा एक आणि फिजी, सॉलोमन बेटे, पापुआ न्यू गिनी, व्हानुआतू व ताहिती यांचा प्रत्येकी एक, अशा आठ संघांनी एका शहरी जमून काही फेऱ्या खेळावयाच्या आणि मग पुढच्या शहरी जावयाचे, अशी तिची रचना आहे. याचा अर्थ असा की, पूर्वी दोन-चार वर्षांतून एकदा येणारा हा देशबदल आता खेळाडूच्या उपजीविकेचा भाग झाला आहे.

फिजीशी आपल्या देशाचे नाते जुने आहे. १८७९ ते १९१६ या काळात साठ हजारांहून अधिक भारतीय तेथे गिरमिटिया मजूर म्हणून नेण्यात आले आणि उसाच्या मळ्यांत त्यांनी घाम गाळला. त्यांच्याच वंशजांनी १९३८ मध्ये तेथील फुटबॉल संघटना स्थापन केली. १९६१ मध्ये ती सर्व समाजांना खुली झाली. लबासा या गावचा रॉय कृष्णा हा याच परंपरेतील खेळाडू. २०१९ नंतर तो भारतात खेळू लागला. २०२०-२१ च्या हंगामात महामारीमुळे इंडियन सुपर लीगचे सर्व सामने गोव्यातील तीन मैदानांवर झाले, तेव्हा त्याने १४ गोल केले. फिजीच्या दमट हवेत वाढलेल्या खेळाडूला गोव्याचा किनारा परका वाटला नसावा, असे म्हणावयास हरकत नाही.

फिजीच्या मुख्य बेटाची एक गंमत वैद्यांना रुचेल. विटी लेवू या बेटाच्या मध्यभागी पर्वतरांग आहे. आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे तिला अडतात. त्यामुळे पूर्वेकडील सुवा शहरात वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, तर पश्चिमेकडील बा, लाउटोका, नांदी या उसाच्या पट्ट्यात तो बराच कमी असतो. सह्याद्रीच्या एका अंगाला कोकण आणि दुसऱ्या अंगाला देश, तशीच ही रचना. एकाच बेटावर, मोटारीने काही तासांच्या अंतरावर, दोन भिन्न ‘देश’ नांदतात. सुवामध्ये झालेला सराव बा येथे आणि बा येथील सराव सुवामध्ये जसाच्या तसा उपयोगी पडेलच असे नाही.

घाम गळणे आणि घाम वाळणे

फुटबॉलपटू एका सामन्यात साधारणतः १० ते १२ किलोमीटर अंतर कापतो. या श्रमात सुमारे १२०० किलोकॅलरी ऊर्जा खर्च होते असे धरल्यास, तिचा तीन चतुर्थांश भाग, म्हणजे सुमारे ९०० किलोकॅलरी, उष्णतेच्या रूपाने देहातच निर्माण होतो. ७० किलो वजनाच्या देहाचे तापमान एका अंशाने वाढण्यास सुमारे ५८ किलोकॅलरी पुरतात. ही सर्व उष्णता देहात कोंडून राहिली तर नव्वद मिनिटांत तापमान पंधरा अंशांनी वाढेल. अर्थात तत्पूर्वीच मृत्यू ओढवेल. यापासून देहाला वाचवतो तो स्वेद.

एक लिटर घाम त्वचेवरून पूर्णपणे वाळला तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता बरोबर घेऊन जातो. म्हणजे दीड लिटर घाम वाळला तरी संपूर्ण सामन्याची उष्णता बाहेर पडू शकते. येथे ‘वाळला’ हा शब्द महत्त्वाचा आहे. जो घाम थेंबाथेंबाने भुईवर गळतो, जो सदऱ्यात मुरतो, तो देहाला थंड करीत नाही. तो केवळ जल आणि लवण घेऊन जातो. बेटांवरील हवेत आधीच इतकी बाष्पे असतात की त्वचेवरील घाम घेण्यास तिला जागाच उरत नाही. निम्मा घाम गळून गेला तर त्याच शीतलतेसाठी तीन लिटर घाम लागेल, आणि बहुतेक देहांना दीड तासात एवढा घाम निर्माण करणे साधत नाही. परिणामी अतिस्वेद असूनही दाह शमत नाही.

म्हणूनच क्रीडावैद्यकात केवळ तापमापकावर विसंबत नाहीत. ‘वेट बल्ब ग्लोब टेंपरेचर’ नावाचा एक निर्देशांक वापरतात. ओल्या कापडाने वेढलेल्या तापमापकाचा आकडा ०.७ ने, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्यातील तापमापकाचा ०.२ ने आणि साध्या तापमापकाचा ०.१ ने गुणून तिन्हींची बेरीज केली की तो मिळतो. घाम वाळेल की नाही याची कल्पना ओले कापड देते, म्हणून त्याला सर्वाधिक मान. आता दोन उदाहरणे घेऊ. विदर्भात एप्रिलच्या दुपारी तापमान ४० अंश, सापेक्ष आर्द्रता २० टक्के आणि काळ्या गोळ्यातील तापमान ५० अंश मानले, तर ओल्या कापडाचे तापमान सुमारे २२.७ येते आणि निर्देशांक ३० च्या आसपास भरतो. होनिआरात तापमान ३० अंश, आर्द्रता ८० टक्के व काळ्या गोळ्यातील तापमान ४२ अंश मानले, तर ओल्या कापडाचे तापमान २७ येते आणि निर्देशांक पुन्हा ३० च्याच आसपास! तापमापक दहा अंशांनी खाली, आणि देहावरील भार जवळजवळ समान. विदर्भात दुपारी खेळू नये, हे कोणालाही सांगावे लागत नाही; ३० अंशांचा आकडा पाहून मात्र माणूस निर्धास्तपणे मैदानात उतरतो. आनूप देशातील धोका तो हाच.

निर्देशांक ३२ पर्यंत गेल्यास खेळ थांबवून शीतलीकरणाची विश्रांती देण्याचा फिफाचा दंडक आहे. २०१४ च्या विश्वचषकात २९ जून रोजी फोर्तालेझा येथे नेदरलँड्स व मेक्सिको यांच्या सामन्यात अशी विश्रांती देण्यात आली. खेळाडूंच्या जागतिक संघटनेचे, फिफप्रोचे, मत याहून कडक आहे. २०२६ च्या विश्वचषकातील प्रत्येक सामन्याच्या दोन्ही अर्धांत तीन मिनिटांची पाणीविश्रांती ठेवण्याचे फिफाने डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केले.

शास्त्रदृष्टीने विचार

जांगल, आनूप आणि साधारण हे देशाचे तीन भेद आपणांस ज्ञात आहेत. चरकसंहितेच्या अग्र्यसंग्रहात मरुभूमीस आरोग्यकर देशांत श्रेष्ठ आणि आनूप देशास अहितकर देशांत अग्रणी म्हटले आहे. उष्ण मरुभूमी आरोग्यकर कशी, असा प्रश्न विद्यार्थिदशेत अनेकांना पडतो. वरील हिशेबावरून त्याचे एक उत्तर मिळते. जांगल देशात क्लेद वाळतो, घाम आपले कार्य पूर्ण करतो. आनूप देशात क्लेद देहावर आणि देहात साचून राहतो. प्राचीन आचार्यांनी निर्देशांक मोजला नव्हता, परंतु त्यांचे निरीक्षण त्याच दिशेचे होते. दोन्ही विचारपद्धती एकच आहेत असा आमचा दावा नाही. त्या एकाच वस्तुस्थितीकडे पाहत आहेत, एवढेच आमचे म्हणणे आहे.

यापुढे स्वेदवह स्रोतसांच्या दुष्टीची कारणे पाहावीत. अतिव्यायाम, अतिसंताप, शीत व उष्ण यांचे क्रमविरहित सेवन, आणि क्रोध, शोक, भय. ऑकलंडच्या हिवाळ्यातून होनिआरात उतरून दुसऱ्याच दिवशी सामना खेळणाऱ्या व्यावसायिक खेळाडूच्या ठायी ही सर्व कारणे एकवटलेली दिसतात. दुष्टीची लक्षणे म्हणून अस्वेदन, अतिस्वेदन, परिदाह आणि लोमहर्ष सांगितले आहेत. तीव्र उष्मापीडित खेळाडूच्या अंगावर उकाड्यातही काटा येणे, हे लक्षण आजचे क्रीडावैद्यही धोक्याची सूचना मानतात. अतिव्यायामाने होणाऱ्या तृष्णा, श्रम, क्लम, ज्वर, छर्दी आणि रक्तपित्त यांची यादीही येथे स्मरणात ठेवावी.

व्यायाम अर्धशक्तीने करावा, हा वाग्भटांचा दंडक बलवान व स्निग्धभोजी पुरुषासाठी आहे, आणि तोही शीतकाल व वसंत यांपुरता. अन्य काळी त्याहून कमी. व्यावसायिक खेळाडू अर्धशक्तीने खेळू शकत नाही, कारण त्याचे वेतनच पूर्ण शक्तीवर अवलंबून आहे. म्हणजे तो शास्त्राने आखलेल्या सीमेबाहेर जाऊनच जगतो. अशा मनुष्याचे रक्षण करावयाचे तर ते सीमेबाहेर जाण्यापूर्वीच्या तयारीने आणि गेल्यानंतरच्या दक्षतेने करावे लागते.

सात्म्य : एकमेव खरे बल्य

या तयारीचे नाव सात्म्य. हितकर गोष्टही एकदम न स्वीकारता पादांशिक क्रमाने स्वीकारावी, असे चरकाचार्यांनी सांगितले आहे. आधुनिक क्रीडावैद्यकाचा निष्कर्षही हाच. दमट उष्ण हवेत सात ते चौदा दिवस क्रमाक्रमाने व्यायाम वाढवीत गेल्यास देहात निश्चित बदल घडतात. रक्तातील द्रवांश वाढतो, हृदयाची गती तितक्याच श्रमात कमी राहते, घाम लवकर सुरू होतो व अधिक येतो, आणि घामातून जाणारे लवण घटते. सराव तुटला तर हे बदल काही आठवड्यांत ओसरतात. दमट बेटावर राहणाऱ्या खेळाडूकडे हे सात्म्य घरचेच असते; पाहुण्या संघाला ते मिळवावे लागते.

अडचण ही की, व्यावसायिक वेळापत्रकात चौदा दिवस कोणी देत नाही. क्लबाला खेळाडू उशिरा मिळतो, विमानाची तिकिटे ठरलेली असतात आणि आज येथे तर पुढील महिन्यात तेथे. अशा वेळी मायदेशी असतानाच उष्ण खोलीत सराव करणे, उबदार कपड्यांत धावणे किंवा सरावानंतर उष्ण जलात बसणे, असे उपाय काही संघ योजतात. ते उपयोगी आहेत. परंतु ते देखरेखीखालीच व्हावयास हवेत. आणि ज्याला हेही शक्य नसेल त्याने पहिले तीन-चार दिवस खेळाची वेळ व गती कमी ठेवावी, हेच उत्तम. सात्म्याची जागा घेणारी गुटिका, आसव वा चूर्ण आमच्या पाहण्यात नाही, आणि तशी जाहिरात कोणी करीत असेल तर तिच्याकडे संशयानेच पाहिले पाहिजे.

ज्वर किंवा अतिसार यांतून नुकत्याच उठलेल्या खेळाडूला मात्र सात्म्य असूनही मैदानात उतरू देऊ नये. आनूप देशात अग्नी मंद असतो, प्रवासात आहार बदलतो आणि अतिसार सहज होतो. त्यानंतरच्या पहिल्याच सामन्यात उष्माघाताची शक्यता वाढते.

जल, लवण आणि नारळ

पेयाविषयी दोन टोकांचे गैरसमज आढळतात. एक, तहान लागली तरी सरावात पाणी पिऊ नये. दुसरा, जितके अधिक पाणी तितके चांगले. दोन्ही घातक आहेत. घामात जल आणि सोडियम दोन्ही जातात. प्रमाण प्रत्येकाचे वेगळे असले तरी एक लिटर घामाबरोबर सुमारे एक ग्रॅम सोडियम, म्हणजे अडीच ग्रॅम अथवा अर्धा चहाचा चमचा मीठ जाते, असा स्थूल अंदाज धरावा. केवळ साधे पाणी अतिमात्रेत प्यायल्यास रक्तातील सोडियम विरळ होऊन डोकेदुखी, वमन, भ्रम, आक्षेपक आणि मृत्यूही संभवतो. सामन्यापूर्वी व सामन्यानंतर खेळाडूचे वजन करणे हा सर्वांत सोपा मार्ग. एक किलो घट म्हणजे सुमारे एक लिटर जलाची घट. घट देहभाराच्या दोन टक्क्यांच्या आत राहावी. आणि वजन वाढले असेल तर अतिपान झाले, असे समजून पाणी थांबवावे.

बेटांवर नारळ विपुल. शहाळ्याचे पाणी हे तेथील नैसर्गिक पेय असून ते रुचकर व पोटॅशियमयुक्त आहे. परंतु त्यात सोडियम अल्प असते आणि घामातून मुख्यतः सोडियमच जाते. म्हणून दीर्घ श्रमानंतर शहाळ्याबरोबर मीठ दिले पाहिजे. आपल्याकडील कोकमाचे सार, लिंबू-मीठ-साखरेचे पाणी किंवा मीठ घातलेले ताक यांत लवणाचा विचार परंपरेनेच झाला आहे, ही समाधानाची बाब होय. षडंगपानीय तृष्णा व दाह यांत देण्यास हरकत नाही. पण ते लवण-जलाचा पर्याय नव्हे, हे रुग्णास स्पष्ट सांगावे.

फिजी व व्हानुआतूमध्ये सायंकाळी ‘कावा’ नावाचे मूळाचे पेय पिण्याची सामाजिक प्रथा आहे. ही वनस्पती आपल्या पिप्पली आणि नागवेलीच्याच कुळातील, ‘पायपर’ प्रजातीची आहे. ती मांसपेशी शिथिल करते व सुस्ती आणते. अतिथी म्हणून गेलेल्या खेळाडूने मान राखण्यापुरते घ्यावे. सामन्याच्या आदल्या रात्री टाळावे, हे इष्ट.

आत्ययिक अवस्था : आधी शीतलता, मग वाहन

आता या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग. श्रमजन्य उष्माघातात देहाच्या अंतर्भागाचे तापमान ४० अंशांच्या वर जाते आणि मनोव्यापार बिघडतो. खेळाडू अडखळतो, असंबद्ध बोलतो, चिडतो, चुकीच्या दिशेने धावतो, कोसळतो. उष्माघातात त्वचा कोरडी असलीच पाहिजे, ही समजूत येथे लागू पडत नाही. श्रमजन्य प्रकारात रोगी बहुधा घामाने निथळत असतो. काखेतील वा मुखातील तापमान फसवे असते. विश्वसनीय तापमान गुदमार्गाचेच. ते घेण्याची सोय नसेल तर लक्षणांवरून निर्णय घ्यावा, वाट पाहू नये.

उपचाराचा क्रम निश्चित आहे. रोग्यास जागीच थंड करावे, नंतर रुग्णालयात हलवावे. बर्फ घातलेल्या पाण्याच्या टबात मानेपर्यंत बुडवणे हा सर्वोत्तम उपाय; अर्ध्या तासाच्या आत तापमान ३९ अंशांच्या खाली आणणे हे लक्ष्य. टब नसल्यास अंगावर सतत गार पाणी ओतावे आणि बर्फाच्या पाण्यात बुडवलेले पंचे वरचेवर बदलत सर्वांगावर ठेवावेत. बेटांवर, आणि आपल्या किनाऱ्यावरही, केवळ पंख्याने वारा घालून भागत नाही. कारण वाऱ्याचा उपयोग घाम वाळवण्यासाठी आणि तेथे तर घाम वाळतच नाही. शुद्ध हरपलेल्यास मुखाने काहीही देऊ नये.

येथे काही वैद्यबंधूंच्या मनात शंका येते. तापलेल्या देहास सहसा शीत जलाचा स्पर्श वर्ज्य, असे आपण शिकलो आहोत. तो नियम श्रमाने तापलेल्या परंतु स्वस्थ मनुष्याच्या दिनचर्येचा आहे. उष्माघात ही आत्ययिक अवस्था आहे, आणि दाहाच्या चिकित्सेत शीत जलाचे अवगाहन आपल्याच ग्रंथांनी सांगितले आहे. या शंकेपायी गेलेली दहा मिनिटे मेंदू आणि यकृत यांचे कायमचे नुकसान करू शकतात. म्हणून मैदानावर उपस्थित असलेल्या वैद्याने या बाबतीत क्षणाचाही विलंब करू नये, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

औषधालय-चालकांसाठी

थकवा ही देहाची सूचना आहे. ती दडपणारे औषध आनूप देशात प्राणघातक ठरू शकते. फेब्रुवारी २००३ मध्ये अमेरिकेतील बॉल्टिमोर ओरिओल्स या संघाचा २३ वर्षांचा बेसबॉल खेळाडू स्टीव्ह बेक्लर फ्लोरिडातील सराव शिबिरात उष्माघाताने मरण पावला. तो वजन घटवण्यासाठी इफेड्रायुक्त पूरक घेत होता आणि त्याचा मृत्यूशी संबंध असल्याचे शवचिकित्सकांनी नोंदवले. २००४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा पूरकांवर बंदी घातली. हा खेळ फुटबॉल नव्हे, ही भूमी बेट नव्हे. पण दमट हवा, क्रमविरहित श्रम आणि उत्तेजक वनस्पती यांचा संयोग तोच.

इफेड्रा आपल्याला परकी नाही. सोमलता या नावाने तिची एक जाती आपल्याकडे श्वासविकारांत वापरली जाते. ती त्वचेकडील रक्तप्रवाह कमी करते आणि देहातील उष्णता वाढवते. म्हणजे उष्णता बाहेर पडण्याची वाट अरुंद करते. बला या वनस्पतीतही इफेड्रीन अल्प प्रमाणात आढळते. जागतिक उत्तेजक-विरोधी संस्थेच्या नियमानुसार स्पर्धाकाळात मूत्रातील इफेड्रीन प्रति मिलिलिटर १० मायक्रोग्रॅमच्या वर आढळल्यास खेळाडू दोषी ठरतो. भांगयुक्त कल्पही स्पर्धाकाळात निषिद्ध आहेत. खेळाडूच्या देहात जे सापडेल त्याची जबाबदारी त्याच्यावरच असते. ‘वैद्यांनी दिले होते’ हे कारण त्याला निर्दोष ठरवत नाही. अश्वगंधेसारखी द्रव्ये निषिद्ध यादीत नाहीत. परंतु ‘शक्तिवर्धक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या, घटक न लिहिलेल्या चूर्णात काय मिसळले आहे, हे लेबलावरून कळत नाही.

यास्तव औषधालय-चालकांनी पुढील पथ्ये पाळावीत, अशी विनंती आहे.

१. ग्राहक स्पर्धात्मक खेळाडू आहे काय, हे बल्य वा मेदोहर औषध देताना विचारावे.

२. सर्व घटक व त्यांचे प्रमाण न लिहिलेले कल्प खेळाडूस देऊ नयेत. दिलेल्या औषधाचे नाव व बॅच क्रमांक पावतीवर लिहावा.

३. सोमलता, भांग व तत्सम द्रव्यांचे कल्प वैद्याच्या चिठ्ठीविना खेळाडूस देऊ नयेत.

४. सामन्यापूर्वी वेदनाशामक गोळ्या मागणाऱ्यास, जलक्षय झालेल्या देहात त्या वृक्कांना अपाय करतात, हे सांगावे.

५. जलसंजीवनीची पाकिटे दर्शनी भागी ठेवावीत आणि ती ठरलेल्या मापाच्या पाण्यातच मिसळण्यास सांगावे.

आपल्या किनाऱ्यावर

प्रशांत महासागरातील बेटे दूर असली तरी आनूप देश आपल्या दारात आहे. पालघरपासून काणकोणापर्यंतचा आपला किनारा एप्रिल-मे महिन्यांत आणि पुन्हा ऑक्टोबरात याच गुणाचा असतो. गोव्यात तर गावोगावी फुटबॉल आहे. देशावरील व विदर्भातील युवक शिबिरांसाठी, पोलीस व सैन्य भरतीच्या धावण्यासाठी किंवा स्पर्धांसाठी किनाऱ्यावर येतात. उन्हाची सवय असल्याने त्यांना आपण सुरक्षित आहोत असे वाटते. परंतु जांगल देशाचे सात्म्य आनूप देशात अपुरे पडते. अशा युवकास ‘ऊन किती आहे’ हे विचारू नये. ‘घाम वाळतो की गळतो’ हे विचारावे. गळत असेल तर श्रम कमी करावेत, विश्रांती वाढवावी, सावली व लवण-जल द्यावे आणि येऊन किती दिवस झाले हे मोजावे.

शाळा, क्लब व भरती शिबिरे यांच्या आयोजकांना भेटून सामना सकाळी लवकर वा सूर्यास्तानंतर घेण्याचा आग्रह धरणे, मैदानालगत पाण्याचा टब व बर्फ यांची व्यवस्था आहे ना, हे पाहणे आणि पहिल्या आठवड्यात सरावाचा क्रम पादांशिक ठेवावयास लावणे, ही कामे कोणत्याही शाखेचा वैद्य सहज करू शकतो. त्यांस खर्च नाही, आणि त्यांतून विकावयासही काही नाही. तरीही एखाद्या तरुणाचा प्राण वाचवण्याची शक्यता जितकी त्यांत आहे तितकी आमच्या फडताळातील कोणत्याही बाटलीत नाही. देश, काल आणि बल पाहून व्यायाम सांगणे हे आपल्या शास्त्राचे जुने वैशिष्ट्य आहे. येत्या उन्हाळ्यात प्रत्येक शाखेने आपल्या भागातील एका तरी मैदानावर त्याचा अवलंब करावा, अशी सर्व सभासदांस विनंती आहे.